फट दिसली तर सांगावी का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या सायकल-स्टँडवर एक गंमत घडली. अकरावीतला एक विद्यार्थी आपल्या कुलपाचा आकडा विसरला. आकड्यांचे कुलूप तुम्ही पाहिलेच असेल. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली तार, तिच्या टोकाला तीन कडी आणि प्रत्येक कड्यावर ० ते ९ आकडे. तिन्ही आकडे जुळले की तार सुटते. बिचारा ०००, ००१, ००२ असे ओळीने लावीत बसला होता. मी उभ्याउभ्याच हिशेब केला. तीन कड्यांचे मिळून १० × १० × १० = १००० आकडे होतात. एकेकाला तीन सेकंद धरले तर सगळे तपासून व्हायला ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे लागतील. नशीब बरे असले तर निम्म्या वेळातही काम होईल. "चालू दे तुझे," असे म्हणून मी तासाला गेलो.

परत आलो तो कुलूप उघडलेले! त्याच्या एका मित्राने ते दीड मिनिटात उघडले होते. कसे, ते त्याने मला करून दाखवले. तार एका विशिष्ट रीतीने ताणून धरली की तिन्ही कडी सारखी घट्ट होत नाहीत. कारखान्यात घडवलेले कोणतेही तीन भाग तंतोतंत सारखे नसतात. त्यामुळे एकाच कड्यावर बहुतेक सगळा ताण येतो, त्याचे घर्षण वाढते आणि त्याचा बरोबर आकडा आला की ते बोटाला जाणवते. मग दुसरे कडे, मग तिसरे. म्हणजे प्रत्येक कडे आपले गुपित वेगवेगळे सांगून टाकते. आता १० × १० × १० प्रयत्नांची गरज उरत नाही, १० + १० + १० = ३० पुरतात. गुणाकाराची बेरीज झाली आणि ५० मिनिटांचे काम ९० सेकंदांवर आले.

भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला आनंद झाला. पण लगेच ध्यानात आले, की त्याच बनावटीची पंधरा-वीस कुलपे तिथे समोरच लटकत होती. तो मुलगा म्हणाला, "सर, सूचनाफलकावर लिहू का? सगळ्यांना कळलेले बरे." आमचे शिपाईमामा म्हणाले, "लिहू नका सर. उद्या इथे एक सायकल राहायची नाही." दोघांचेही म्हणणे मला पटले, आणि पंचाईत झाली ती तिथेच.

संगणकाच्या जगात हाच वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. एखाद्या आज्ञावलीत दोष सापडला, त्या दोषातून परक्याच्या संगणकात शिरता येते हे कळले, तर ते जाहीर करावे का? केव्हा करावे? किती करावे? या लेखात आपण अशा दोषाला 'फट' म्हणू, त्या फटीतून शिरण्याच्या तयार युक्तीला 'हत्यार' म्हणू आणि दुरुस्तीला 'ठिगळ' म्हणू.

वाद मात्र संगणकापेक्षा जुना आहे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा एक अमेरिकन आला. त्या काळी चब कंपनीच्या कुलपाची फार ख्याती होती. कोणी खोटी किल्ली घालून खटपट केली तर ते कुलूप अडकून बसे आणि मालकाला सुगावा लागे. हॉब्जने ते सुमारे २५ मिनिटांत उघडले. गंमत अशी की सुगावा देणारी ती कळच त्याला आतली हकिगत सांगत होती! मग तो ब्रामा कंपनीच्या कुलपाकडे वळला. ते कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवलेले असे. जो उघडील त्याला २०० गिनी बक्षीस, असे आव्हान त्याच्यावर लिहिलेले होते, आणि साठ वर्षे कोणी ते बक्षीस जिंकले नव्हते. हॉब्जने सोळा दिवसांत मिळून ५१ तास खर्च केले आणि कुलूप उघडले.

इंग्लंडमध्ये मोठी खळबळ उडाली. हे उघडपणे दाखवणे म्हणजे चोरांची शाळा काढणे होय, असे एक पक्ष म्हणू लागला. हॉब्जच्या बाजूचे लोक म्हणत, की चोर आपल्या धंद्यात आपल्याहून हुशार असतात, त्यांना हे आधीच ठाऊक असते. अंधारात असतो तो फक्त कुलूप विकत घेणारा. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण हॉब्ज स्वतःही कुलूपविक्याच होता आणि दुसऱ्याचे कुलूप वाईट ठरले की त्याचे कुलूप खपणार होते, हे विसरू नये. (पुढे लायनस येल याने हॉब्जच्या कंपनीचेही कुलूप उघडून दाखवले.) फट दाखवणाराही काही हेतू मनात धरून असतो. हेतू काहीही असला तरी फट मात्र खरी असू शकते.

आता संगणकातली फट कशी असते ते पाहू. विंडोज या प्रणालीत एका संगणकावरच्या फाइली दुसऱ्याला जाळ्यावरून वाचता याव्यात, अशी सोय असते. तिच्या जुन्या आवृत्तीत एक चूक राहून गेली होती. बाहेरून आलेल्या यादीची लांबी मोजून, गरज असल्यास तो आकडा कमी करायचा, असे एक काम होते. समजा आकडा १०००० आहे आणि तो ९९९० करायचा आहे. पण लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे फक्त शेवटची चार घरे बदलली जातात आणि पुढचा १ तसाच राहतो. उत्तर येते १९९९०! कमी व्हायचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला. (संगणक हे द्विमान पद्धतीत करतो, त्यामुळे तिथे घरे चार नसून १६ असतात. तत्त्व तेच.) स्मृतीत जागा राखली लहान आकड्याच्या हिशेबाने आणि माहिती ओतली मोठ्या आकड्याच्या हिशेबाने. पायलीभर धान्याच्या डब्यात दोन पायल्या ओतल्या तर काय होईल? वरचे धान्य शेजारच्या डब्यात सांडेल. शेजारच्या डब्यात संगणकाच्या स्वतःच्या आज्ञा असल्या तर सांडलेली माहिती त्यांची जागा घेते. पाठवणाऱ्याने ती माहिती मुद्दाम हिशेबाने रचली असेल, तर संगणक आता त्याचे ऐकू लागतो.

ही फट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे तिथल्या हेरखात्याच्या एका अंगाला, सापडली होती. त्यांनी ती विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीला सांगितली नाही. तिच्यासाठी 'इटर्नलब्लू' नावाचे हत्यार बनवले आणि, वृत्तपत्रांतून आलेल्या माहितीप्रमाणे, पाच वर्षांहून अधिक काळ गुपचूप वापरले. शत्रूवर नजर ठेवायची तर असे हत्यार हाताशी हवे, असे त्यांचे गणित. ते हास्यास्पद नाही. प्रत्येक देश असे करीत असणार. पण गुपित राखण्यात एक अट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे गुपित चोरीला जाणार नाही. ते चोरीला गेले.

पुढच्या चार तारखा लक्षात ठेवा. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने या फटीवर ठिगळ दिले. १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' असे नाव घेतलेल्या अज्ञात टोळीने चोरलेले हत्यार जगापुढे टाकून दिले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा उपद्रव दीडशेच्या आसपास देशांत पसरला, आणि इंग्लंडमध्ये काही रुग्णालयांना रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला.

हा नॉटपेट्या आपल्या महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या न्हावा-शेवा बंदरात येऊन पोचला. परभणी, सेलू, मानवतच्या बाजारातला कापूस गाठी होऊन परदेशी जायचा तर ज्या बंदरांतून जातो, त्यांपैकी हे एक. जवाहरलाल नेहरूंचे नाव असलेले हे बंदर तेव्हा देशातले सर्वांत मोठे कंटेनर बंदर होते. त्यातला एक धक्का 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' ही कंपनी चालवी. तिचे नाते डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीशी, आणि मर्स्कचे संगणक जगभर एकाच जाळ्यात गुंफलेले. हल्ला मुळात युक्रेनवर होता. तिथे हिशेब आणि करभरणा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीत तो दडवून पाठवला होता. मर्स्कच्या युक्रेनमधील कार्यालयात ती आज्ञावली होती. तेवढे दार पुरले.

कंटेनरच्या धक्क्यावर संगणक बंद पडला म्हणजे नेमके काय होते? बाहेरून सगळे जसेच्या तसे दिसते. क्रेन उभ्या असतात, पेट्या एकावर एक रचलेल्या असतात, जहाज लागलेले असते. पण कोणत्या पेटीत काय आहे, ती कोणत्या थप्पीत कितवी आहे, कोणत्या जहाजात चढवायची आणि कोणत्या ट्रेलरवर ठेवायची, हे सगळे ज्या वहीत लिहिलेले असते ती वहीच नाहीशी होते. हजारो सारख्या पेट्यांतून आपली पेटी शोधायची कशी? धक्क्याचे काम अडले, पेट्या हाताने नोंदी करून हलवाव्या लागल्या, त्या अर्थात फारच थोड्या, आणि मालाचा खोळंबा झाला. शत्रुत्व रशिया आणि युक्रेन यांचे (अमेरिका व ब्रिटनने २०१८ साली या हल्ल्याचा ठपका रशियाच्या सैन्यावर ठेवला), हत्यार अमेरिकेने घडवलेले, कंपनी डेन्मार्कची, आणि वाट पाहत ताटकळला तो उरणच्या रस्त्यावरचा ट्रेलरवाला.

मर्स्कला एकूण २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसला. दहा दिवसांत ४,००० मोठे आणि ४५,००० साधे संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याच्या मुख्य नोंदवहीच्या साऱ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. फक्त आफ्रिकेतल्या घाना देशात एक शिल्लक होती, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती! भारनियमनाचा असा उपकार परभणीकरांना चटकन समजेल.

आता वादाकडे वळू. 'गुप्त ठेवल्यामुळेच हे झाले. फट पाच वर्षे आधी सांगितली असती तर ठिगळही पाच वर्षे आधी आले असते,' असे तुम्ही म्हणाल. मायक्रोसॉफ्टनेही मे २०१७ मध्ये सरकारांना उद्देशून असेच बजावले, की फटी साठवून ठेवू नका, बनवणाऱ्याला कळवा. पण थांबा. नॉटपेट्याजवळ आणखी एक हत्यार होते, आणि त्याची कथा नेमकी उलटी आहे.

बेंजामिन डेल्पी या फ्रेंच तंत्रज्ञाला २०११ च्या सुमारास आढळले, की विंडोज आपल्या स्मृतीत वापरणाऱ्याचे परवलीचे शब्द परत वाचता येतील अशा रीतीने ठेवते. शब्द कुलूपबंद, पण किल्ली शेजारीच! त्याने कंपनीला कळवले. उत्तर आले, की हा मोठासा दोष नाही. कारण ती जागा वाचायला चोर आधीच घरात शिरलेला असावा लागतो. डेल्पीने मग 'मिमिकॅट्झ' नावाची आज्ञावली लिहून सर्वांसाठी खुली केली. परिणाम दोन झाले. कंपनी जागी झाली आणि २०१३ च्या आवृत्तीत ती सवय मूळ मांडणीत बंद ठेवली. दुसरीकडे जगातल्या चोरांना आयती किल्ली मिळाली. नॉटपेट्याने तिचीच सुधारलेली प्रत वापरली. ठिगळ न लावलेल्या एका संगणकात शिरायचे, तिथल्या स्मृतीतून परवलीचे शब्द उचलायचे, आणि त्या शब्दांच्या बळावर ठिगळ लावलेल्या शेजाऱ्यांतही राजरोस शिरायचे. एक हत्यार लपवून ठेवलेले, दुसरे उघड वाटलेले. दोन्ही मिळून एकाच दिवशी चालली.

म्हणून 'सांगावे की सांगू नये' हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. खरे राशिमान आहे ते वेळ. फट पहिल्या माणसाला दिसल्यापासून शेवटच्या संगणकाला ठिगळ लागेपर्यंतचा काळ मोजा. धोका त्या काळात राहतो. त्याचे दोन तुकडे आहेत. पहिला तुकडा बनवणाऱ्याच्या हातात. तो लांबू नये म्हणून आता मुदतीची पद्धत पडली आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला असलेले एक केंद्र २००० सालापासून सर्वसाधारणपणे ४५ दिवसांची मुदत देते. गूगलचा फटी शोधणारा गट ९० दिवस देतो. आधी बनवणाऱ्याला एकांतात सांगायचे, मुदत द्यायची, आणि मुदतीत काही केले नाही तर जाहीर करायचे. मुदतीचा धाक नसेल तर कंपनी डुलकी काढते, हा अनुभव आहे.

दुसरा तुकडा तुमच्या-आमच्या हातात असतो, आणि इथे एक अडचण आहे. ठिगळ दिले की फाटले कुठे होते ते कोणालाही कळते. जुनी आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून तुलना करणारे लोक असतात. म्हणजे ठिगळ देणे हेच एक प्रकारे जाहीर करणे होय, आणि त्या घडीपासून शर्यत सुरू होते. १४ मार्च ते २७ जून हे १०५ दिवस होतात. इतक्या दिवसांत जगातल्या कितीतरी संगणकांना तयार ठिगळ लागले नव्हते. मोठ्या कंपन्यांत यंत्र थांबवता येत नाही, जुनी कामे नव्या आवृत्तीवर चालत नाहीत, अशी कारणे असतात. शाळांच्या संगणककक्षांत कारण साधे असते. पडद्यावर सूचना येते आणि आपण 'नंतर आठवण करा' हे बटण दाबतो. मीही दाबतो.

उरला सांगणाऱ्याचा प्रश्न. २०१० साली हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक हाल्डरमन आणि हॉलंडचे खोंग्रिप यांनी मतदानयंत्रावर प्रयोग करून दाखवले. यंत्र कोणाच्या हाती लागले तर त्याचा दर्शनी भाग बदलून निकाल फिरवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्या निवडणुकीत असे घडल्याचा पुरावा त्यांनी दिला नव्हता. निवडणूक आयोगाचे उत्तर असे, की मोहरा, पहारा आणि तपासण्या असल्यामुळे यंत्र असे कोणाच्या हाती लागतच नाही. पण प्रयोगाचे यंत्र मुंबईच्या सरकारी कोठारातले होते! ते बाहेर कसे आले हे शोधण्यासाठी ऑगस्ट २०१० मध्ये पोलिसांनी हरी प्रसाद यांना चोरीच्या आरोपाखाली अटक केली. आठवड्याभराने ते जामिनावर सुटले. यंत्र कुठून आणले हा प्रश्न रास्त होता. फट खरी की खोटी हा दुसरा प्रश्न, आणि पहिल्याचे उत्तर मिळाल्याने दुसऱ्याचे मिळत नाही. मताची कागदी चिठ्ठी दाखवणारी जोडणी टप्प्याटप्प्याने आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती सर्व मतदारसंघांत वापरली गेली.

फट सापडली तर कळवण्यासाठी आपल्या देशात २००४ पासून 'सर्ट-इन' ही सरकारी संस्था आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात शिरणे गैर आहे, आणि अप्रामाणिकपणे किंवा कपटाने तसे केले तर ६६ व्या कलमाप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपला हेतू चांगला होता हे मागाहून सिद्ध करीत बसावे लागते. तेव्हा प्रयोग करायचा तो आपल्या मालकीच्या यंत्रावरच.

आमच्या सायकल-स्टँडचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी त्या मुलाला महिनाभर गप्प राहायला सांगितले आणि कुलपे विकणाऱ्या दुकानदाराला गाठले. तो म्हणाला, "सर, एवढा माल संपू द्या." तिसऱ्या आठवड्यात एक सायकल गेली. सगळ्यांनी बोट दाखवले ते त्या मुलाकडेच, कारण युक्ती त्यालाच येत होती. मी प्राचार्यांपुढे जाऊन सांगितले, की त्याने हे मला पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि उशीर माझा आहे. सायकल काही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी मी फलकावर दोनच ओळी लावल्या: 'तीन कड्यांचे तारेचे कुलूप सुरक्षित नाही. साखळी व किल्लीचे कुलूप वापरावे.' तार कशी ताणायची ते फलकावर लिहिले नाही, या लेखातही लिहिलेले नाही. फट आहे हे सांगणे, ती कशामुळे आहे हे सांगणे आणि तयार हत्यार हाती देणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरीपर्यंत यावे, असे माझे मत आहे. ती सूचना पहिल्या दिवशी लावली असती तर ती सायकल वाचली असती का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

करून पाहा

१. कुलपाला तीनऐवजी सहा कडी असतील तर एकूण आकडे किती? प्रत्येक कडे आपले गुपित वेगळे सांगत असेल तर प्रयत्न किती पुरतील? एका प्रयत्नाला तीन सेकंद धरून दोन्ही वेळा काढा.

२. या लेखातील २०१७ च्या चार तारखा एका रेषेवर प्रमाणात मांडा. १ सेंटिमीटर म्हणजे १० दिवस धरा. पाच वर्षांचे गुपित याच प्रमाणात काढायचे झाले तर रेषा किती लांब होईल? फळा पुरेल का?

३. शिक्षकांची परवानगी घेऊन शाळेतल्या एका संगणकावर शेवटचे ठिगळ कोणत्या तारखेला लागले ते पाहा आणि तेव्हापासून आजपर्यंतचे दिवस मोजा.